चुनीभाऊचा डावा हात

ही घटना खरी आहे. ज्यांना खाली "काहीही फेकतो" असं लिहायचंय त्यांनी आत्ताच लिहून मोकळं व्हावं, म्हणजे बाकीच्यांना शांतपणे वाचता येईल.

आणि अमावस्येची रात्र वगैरे नव्हती. फेब्रुवारीतली भर दुपार होती. नंदुरबारला, माझ्या स्वतःच्या गाळ्यात. पलीकडच्या पथारीवर, म्हणजे मिरची पसरायच्या मोकळ्या जागेत, मिरची वाळत होती आणि रस्त्याने जाणारा प्रत्येक जण खोकत होता.

मी भूपेश. मशीनचे पार्ट कॉम्प्युटरवर डिझाइन करून देतो.

चुनीलाल माझा आतेभाऊ. धानोऱ्यात त्याची मिरची दळायची चक्की आहे. दिवाळीनंतर एकदा मशीन अडकलं. त्याने ते बंद केलं आणि डावा हात आत घालून अडकलेली मिरची काढायला लागला. पाय घसरला. सावरायला म्हणून उजवा हात भिंतीवर टेकला...

तिथेच बटण होतं.

डावा हात मनगटापासून गेला. सापडेल असं काही उरलं नव्हतं.

आता सगळी भिस्त उजव्यावर. चक्की, मोटरसायकल, जेवण, सगळंच. मी म्हटलं, उजव्याचं माप घेऊन त्यावरून डावा बनवू आणि सुरतहून थ्री-डी प्रिंट करून आणू. तो तयार झाला.

त्या दुपारी तो बायकोला घेऊन गाळ्यात आला. मोबाइलने त्याचा हात स्कॅन केला, मॉडेल बनवलं आणि मिरर मारला, म्हणजे आरशात दिसते तशी उलटी प्रत काढली.

आता हे नीट वाचा, नाहीतर पुढचं कळणार नाही. या सॉफ्टवेअरमध्ये मिरर केलेल्या वस्तूला स्वतःचं काही नसतं. मूळ बदललं की ती बदलते. मूळ पुसलं की तीही जाते. तिच्या एकटीत काही बदलायला गेलात तर सॉफ्टवेअर सरळ नाही म्हणतं. डाव्या बाजूला साधं एक भोक जास्त पाडायचं तरी आधी दोघांचं नातं तोडावं लागतं. या भिकार नियमाला मी आजवर कमी शिव्या घातलेल्या नाहीत.

स्क्रीनवर डावा हात आला.

त्याच्या अंगठ्यावर एक वण होता.

आडवा, खोल... उजव्यावर नव्हता. मी भाऊचा खरा हात धरून पाहिला. अंगठा साफ होता. स्कॅनची गडबड असेल म्हणून मी मिरर काढला आणि पुन्हा मारला.

वण होताच.

भाऊची बायको, गुलाबवहिनी, मागे उभी होती. मिरचीच्या तिखट खाटाने ती मघापासून डोळे पुसत होती. ती स्क्रीनजवळ आली आणि तिचा हात पदरावरच थांबला.

"हाऊ त्यासनाच डावा हात शे, भाऊ," ती म्हणाली. "लगीनना साले इळा लागेल व्हता. मीच चिंधी बांधेल व्हती."

मी तिला काही बोलणार होतो. तेवढ्यात जाणवलं...

बाहेर कोणीच खोकत नव्हतं.

शेजारच्या वेल्डिंगचा आवाज नाही. रिक्षा नाही. काही नाही.

मग आवाज आला.

खर्रर्र...

लाकडावरून नख ओढल्यासारखा.

स्क्रीनवर डाव्या हाताची करंगळी आत वळत होती. माऊसवर माझा हातही नव्हता. आणि टेबलावर भाऊने पसरून ठेवलेल्या उजव्या हाताची करंगळी...

तीही वळत होती. नख टेबलावरून ओढत.

"मी नही करी ऱ्हायनू," भाऊ म्हणाला.

मी ती करंगळी धरून उघडायला जोर लावला. जरासुद्धा हलली नाही. भाऊ कळवळला तेव्हा सोडली.

"बटन यानीच दाबेल व्हतं ना," वहिनी त्याच्या उजव्या हाताकडे बघत म्हणाली. "डावाले राग शे."

स्क्रीनवरचा उजवाही आता वळला होता. त्याची करंगळी तिथे सरळ करावी म्हणून मी त्याच्यावर क्लिक केलं.

सॉफ्टवेअर नाही म्हणालं.

ही मिरर केलेली प्रत आहे, बदल मूळ वस्तूत करा, असा मेसेज आला. तो उजव्या हातासाठी येऊच शकत नाही. मी डाव्यावर क्लिक केलं. तो कुठलाही मेसेज न देता उघडला.

डावा मूळ झाला होता.

नातं तोडायचं बटण दाबलं जात नव्हतं. डाव्याची करंगळी ओढली, ती ढिम्म. वहिनी म्हणत होती, पुसून टाक. मी डिलीटवर बोट ठेवलं... आणि तिथेच थांबलो. मूळ पुसलं की प्रतही जाते. मी तिला हे सांगितलं. तिने झटकन माझा हात बाजूला ओढला.

डॉक्टर म्हणतात शीर आखडली. म्हणू देत.

होळीपर्यंत भाऊचं करंगळीशेजारचं बोटही मिटलं. मग एक दिवस तो आला आणि म्हणाला, फाइल उघड. मला धीर नव्हता, तरी उघडली. तो स्क्रीनसमोर स्टुलावर बसला. आपल्याच हातापुढे त्याने मान खाली घातली.

"मन्हं चुकनं," तो म्हणाला. "आते सोड माले."

डावा हात तसाच होता. मला वाटलं, ऐकलं त्याने.

खर्रर्र...

मधलं बोट मिटलं.

आता अंगठा आणि एक बोट उरलंय. त्या दोघांत धरून तो भाकरी तोडतो. वहिनीने भरवलेलं त्याला चालत नाही.

फाइल माझ्याकडेच आहे. दुसरीकडे कॉपी करायला गेलं की कॉपी होत नाही. लाइट गेली की मी आधी कॉम्प्युटरकडे धावतो, कारण हार्डडिस्क जुनी आहे आणि ती बसली तर फाइल जाईल.

भाऊला मी अजून सांगितलेलं नाही. कालपासून त्या हार्डडिस्कमधून आवाज यायला लागलाय.

टक... टक...