पाण्यात निरगाठ

२००२ साली इगतपुरीजवळच्या धरणावर हौशी लोकांचा एक बोट क्लब होता. नाशिकच्या एकाच बँकेतल्या ललिता आणि मीना दर रविवारी तिथे जायच्या. होडीत पाय ठेवण्याआधी क्लबचे प्रशिक्षक किशोर सर गाठी शिकवत.

"बायकांनो, परकराची सुरगाठ विसरा. ओढली की सुटते ती. पाण्यात निरगाठच."

"सर, परकरातलं तुम्हाला बरंच कळतं!" मीनाने एकदा टोला हाणला होता.

लाइफ जॅकेटांच्या नारिंगी नाड्या पाठीवर होत्या. त्या बांधायचं काम नावाडी निवृत्तीचं. त्या रविवारी तो वल्ही आणायला गेला होता आणि मीनाला दम निघत नव्हता. ललिताने तिच्या नाड्या बांधल्या. हाताला रोजची सवय, सुरगाठच पडली.

वाऱ्याने होडी कलंडली. मीनाचं जॅकेट नाड्या सुटून एकटंच तरंगत काठाला आलं. मीना दुसऱ्या दिवशी सापडली.

ठपका निवृत्तीवर आला. ललिता गप्प राहिली. स्वतःच्या गप्प बसण्याची तिला शिसारी येई, तरी ती गप्पच राहिली.

मग घरातल्या गाठी बदलायला लागल्या. पडद्याची दोरी ती सुरगाठीने बांधायची, सकाळी निरगाठ असायची. पिठाच्या पिशवीचंही तेच. दोऱ्या ओल्या लागत. तिने प्लंबरला बोलावलं. नळ ठणठणीत होते.

क्लबच्या बैठकीला ती खरं सांगायचं ठरवूनच गेली.

"निवृत्ती, मीनाचं जॅकेट कुणी बांधलं?" सरांनी विचारलं.

"मी नाय बांधलं, साहेब. मी वल्ही आणाया गेल्तो. बाईंना इचारा ना."

सगळे ललिताकडे बघू लागले.

"निवृत्तीनेच बांधलं," ती म्हणाली.

 निवृत्तीने होड्यांच्या शेडची किल्ली टेबलावर ठेवली आणि चपला घालून निघून गेला.

परतीच्या बसमध्ये ललिताची छाती आवळून आली. पापाला श्वास पुरत नाही, असं तिच्या मनात आलं.

घरी येऊन तिने साडी सोडली. परकराची नाडी ओढली. सुटेना.

निरगाठ होती. ओली.

तिने कात्रीने नाडी कापली. छाती मात्र तशीच आवळलेली होती. तिने ब्लाउज काढला.

आत, अंगाला घट्ट, नारिंगी नाडी होती.

तिने हात पाठीमागे नेला. बोटांना गाठ लागली.

गाठ अजून आवळली जात होती.