भोक पाडलेली फिल्म

त्या दिवशी मी फक्त पाणी आणायला निघाले होते. कडेवर आठ महिन्यांची लेक, डोक्यावर रिकामी घागर, आणि मनात एकच घोर, आज हिच्या पोटात काय घालायचं. वीटभट्टी बंद पडून सात महिने झाले होते. मंदी आली, शहरातली बांधकामं थांबली, मग विटा घेणार कोण? मालक कुलूप लावून गेला. ज्यांना दुसरीकडे थारा होता ते निघून गेले. अकरा कुटुंबं मागे राहिलो, भट्टीशेजारच्या खोल्यांत. माझे यजमान कामाच्या शोधात गेलेले, त्यांचा ना निरोप ना पत्ता.

वाटेत एक बाई उभी. पायात पुरुषी बूट, गळ्यात कॅमेरा, अंगभर धूळ. मला वाटलं, काढेल फोटो आणि लागेल वाटेला. तर म्हणाली, "भरून ये घागर. येताना अर्ध्या वाटेपासून मी घेते." आणि खरंच घेतली. निम्मं पाणी अंगावर सांडलं तिच्या, पण घेतली.

सरकारी कचेरीनं पाठवलं होतं तिला. जागोजागची उपासमार फोटोत धरायची, ते फोटो वर दाखवायचे, म्हणजे धान्य सुटेल, असा तो मामला. तिच्याआधीही एकजण येऊन गेला होता. त्यानं माझ्या सासूबाईंना सांगितलं, मान खाली घाला, जरा रडल्यासारखं करा. सासूबाई म्हणाल्या, "रडायला अंगात पाणी लागतं बाबा. आणलंयस का तू?"

ही बाई तशी नव्हती. आधी ओट्यावर बसायची. ऐकून घ्यायची. आमचं बोलणं आमच्याच शब्दांत वहीत लिहायची आणि वाचून दाखवायची, "असंच म्हणालात ना?" मग विचारायची, काढू का फोटो? नको म्हटलं की कॅमेरा झाकून ठेवायची, तोंड वाकडं न करता. आणि ज्याचा फोटो काढला त्याला त्याची एक प्रत द्यायचीच. इतक्या माणसांनी आमच्याकडे पाहिलं त्या वर्षी, पण आम्हाला आमचा चेहरा परत देणारी ती एकटीच.

फोटो धुवायला तिनं विटांची रिकामी कोठी घेतली. एकच खिडकी, तिच्यावर घोंगडं टांगलं की भर दुपारी आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार. एक लाल काचेचा कंदील, तीन थाळ्या, आणि नाकात चढणारा आंबट वास. मदतीला मला घेतलं. डोक्यावर बारा विटा आणि कडेवर पोर घेऊन चालणारीचा हात हलत नाही, म्हणाली.

धुतलेल्या फिल्म ती शहरात पाठवायची. तिथला साहेब निवड करायचा. जी फिल्म नको असेल तिला यंत्रानं बोराएवढं भोक पाडून परत धाडायचा, कुणी ती वापरू नये म्हणून. सोबत ताकीद असायची : भोक पाडलेल्या फिल्मची प्रत काढू नये.

त्या खेपेला दोन परत आल्या. एक साचेकरी काकांची. विटांचे साचे बनवायचे ते, एकटेच राहायचे. दुसरी माझी आणि लेकीची.

"माझी का नको झाली?" मी विचारलं.

"तू हसते आहेस त्यात."

"हिनं नाक धरलं होतं माझं."

"साहेबांना वाटतं, हसणारी बाई उपाशी कशी असेल."

सासूबाई म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, राहून बघा आठ दिवस. शेवटी हसूच येतं."

बाईंनी ताकिदीचा कागद घडी करून बुटात घातला. "मी तुम्हाला शब्द दिलाय," म्हणाल्या, आणि दोन्ही प्रती काढल्या. तेवढीच त्यांची चूक, आणि तीही आमच्यापायी.

भोकातून उजेड सरळ कागदावर पडतो, म्हणून प्रतीवर तिथं काळाकुट्ट गोळा उमटतो. काकांच्या फोटोत तो धुराड्याच्या वर, आभाळात होता. "माझ्या भट्टीवर काळा सूर्य उगवला की," म्हणत काकांनी फोटो भिंतीला लावला. माझ्या फोटोत तो छपराच्या कोपऱ्यावर होता.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेले तर गोळा धुराड्यावर. मला वाटलं, काल नीट पाहिलं नसेल. तिसऱ्या दिवशी तो काकांच्या खांद्याला टेकला होता. चौथ्या दिवशी काका दारात बसल्या जागी गेले. उपाशी म्हातारा बसल्या जागी गेला, त्यात नवल ते कुणाला? पण मी भिंतीवरचा फोटो पाहिला. कपाळापासून हनुवटीपर्यंत काळं. खाली नुसता सदरा.

धावत घरी आले, माझा फोटो पेटीतून बाहेर काढला. काळं छपरावरून उतरलं होतं. माझ्या केसांना शिवत होतं, आणि तिथून लेकीचं डोकं दोन बोटं खाली. लेक अंथरुणात तापानं फणफणलेली. सकाळी तर चांगली खेळत होती.

सासूबाई म्हणाल्या, "चुलीत घाल तो कागद."

"नको," बाई दारातून म्हणाल्या. काकांच्या भिंतीवरचा फोटो त्याही पाहून आल्या होत्या, पण आवाज शांत. "पोर आहे त्यात. चल माझ्याबरोबर."

दुपारचे दोन वाजले असतील. कोठीत आम्ही दोघीच. त्यांनी कोरा कागद ठेवला, वर तीच फिल्म, वर काच. लाल उजेडात भोक दिसत होतं, छपराच्या कोपऱ्यावर, होतं तिथंच.

"मी सांगितलं की घोंगडं उचल. मी भोकावर हात धरते. हात जिथं उजेड अडवेल तिथं कागद पांढरा राहतो. मी म्हणेपर्यंत सोडू नको."

मी घोंगडं उचललं. उजेडाची एक पट्टी काचेवर पडली. बाईंनी उजवा पंजा त्या भोकावर टेकवला आणि मोजू लागल्या. एक... दोन...

तीनला काच करकरली. बाहेर ऊन होतं, तरी पट्टीतला उजेड मंदावत गेला, कुणी पलीकडे येऊन उभं राहावं तसा. त्या आंबट वासात दुसरा वास मिसळला, विझलेल्या भट्टीचा.

"बाई..."

"धरून ठेव."

"तुमचा हात..."

"खालून ढकलतंय," त्या अगदी हळू म्हणाल्या, जणू कुणी ऐकेल. "चार... सोडू नको हं... पाच..."

त्यांचा पंजा वर उचलला जात होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यांनी दुसरा हात त्यावर ठेवला, मग अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. दात आवळून सहा म्हणाल्या, सात म्हणाल्या. माझा हात हलला नाही. बाराला म्हणाल्या, "सोड."

थाळीत कागद हळूहळू उमटला. मी हसते आहे, लेकीनं नाक धरलंय, आणि आमच्या डोक्यांवर एक पांढरा पंजा, पाची बोटं पसरलेला. काळं कुठंच नाही. जुनी प्रत शेजारी होती, ती पाटीसारखी सगळी काळी पडली होती. ती बाईंनी तिथंच जाळली.

घरी आलो तर लेकीला घाम फुटलेला आणि सासूबाई तिला म्हणत होत्या, "घाबरवतेस होय गं म्हातारीला?"

पुढे धान्याची गाडी आली. ती त्या बाईंच्याच फोटोंमुळे आली, हे मी कुणाहीसमोर सांगेन. त्या दिवशी बाई मात्र तिथं नव्हत्या. ताकीद मोडली म्हणून कचेरीनं त्यांना बोलावून घेतलं होतं. जाताना कॅमेरा डाव्या हातात होता. उजवा मी निरोपाला हातात घेतला, तर जानेवारीतल्या दगडासारखा गार. "होईल डावा वापरायची सवय," म्हणाल्या, आणि हसल्या. इतकं मोठं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

फोटो काचेत घालून ठेवलाय मी. लेकीची आता साठी उलटली, तिला नातवंडं आहेत. इतकी वर्षं रोज काच पुसते, पंजा जसाच्या तसा.

गेल्या सोमवारी करंगळी दिसेना. म्हटलं, माझ्या डोळ्यांचा दोष. नातसुनेला दाखवलं. ती म्हणाली, "आजी, चारच तर आहेत. पाचवं होतं कधी?" चौथं होतं तिथं काळी कड धरली होती. काल मोजली, तीन भरली.

आज सकाळी लेकीचा निरोप आला. विशेष काही नाही म्हणे, जरा कणकण आहे, पडून आहे.

तो दिवा इकडे धर जरा. आज मी अजून मोजलेली नाहीत.