पुलाखालचं घरटं

"कार्ड गेलं," भाची म्हणाली आणि लॉजच्या पलंगावर मटकन बसली.

"नीट बघ. तुझा चष्मा तुझ्याच डोक्यावर असतो."

"आत्या, चेष्टा नको. तुझ्या चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं. डबी आहे, कार्ड नाही."

आत्याची चेष्टा तिथल्या तिथे विरली. भाचीने नोकरी सोडून कॅमेरा गळ्यात घातल्यापासून तिचा बाप, म्हणजे आत्याचा भाऊ, तिच्याशी बोलत नव्हता. पहिल्यांदाच एका प्रवास-मासिकाने तिच्याकडे फोटो मागितले होते आणि ते आज संध्याकाळपर्यंत पाठवायचे होते. सगळे फोटो त्या कार्डात होते: शहरातले बाजार, तलाव, पूल आणि पुलाखालच्या झुडपातलं ते घरटं.

आत्याने उभी हयात पोलीस खात्यात फोटोग्राफर म्हणून काढली होती. चोरी झालेल्या खोल्या तिने इतक्या पाहिल्या होत्या की चपला दारातच सोडून ती आधी नुसती बघत राहिली. एसी नेहमीसारखा फुल्ल. तिला उकाडा बिलकूल सोसत नसे, म्हणून बाहेर जातानाही ती तो बंद करत नसे. बॅगांच्या चेन उघड्या होत्या, उशा उलट्या पडल्या होत्या. पैशाचं पाकीट मात्र जागच्या जागी होतं.

"कुणीतरी बराच वेळ शोधत होतं," ती म्हणाली. "आणि त्याला फक्त कार्डच हवं होतं. चल, मंडळींना गाठू."

खाली जेवणघरात ड्रायव्हर, दातांचे डॉक्टर आणि या फोटोग्राफी-सहलीचे म्होरके उस्ताद चहा घेत होते. उस्तादांना सगळे गुरू मानत. घरटं दाखवलं होतं त्यांनीच.

"खोल्यांच्या किल्ल्या तर काउंटरवर टांगलेल्या असतात," उस्ताद म्हणाले. "सकाळी आपण सगळे तलावावर. मागे राहिला तो फक्त ड्रायव्हर."

ड्रायव्हरचा चेहरा खर्रकन उतरला. "मी गाडी धूत होतो. वर पाऊलसुद्धा ठेवलं नाही."

"डॉक्टर, तुम्ही तलावावर उशिरा आलात," आत्याने विचारलं.

"झोप लागली. घाईघाईत निघालो."

"तुमच्या खोलीत एसी आहे?"

"आहे. पण कॅमेरा मी गॅलरीत ठेवतो. उस्तादांनी पहिल्याच दिवशी दम भरला होता, थंड खोलीतून दमट हवेत लेन्सची काच नेली की तिच्यावर वाफ धरते. ते स्वतः तर बिनएसीची खोली मागून घेतात."

"शिस्त आहे," उस्ताद म्हणाले.

"आणि तुम्ही तलावावर कधी पोचलात, उस्ताद?"

"उजाडायच्या आधी. तुम्ही आलात तेव्हा मी तिथेच बसलो होतो."

"होतात खरे."

आत्याला चैन पडेना. ती खिडकीपाशी गेली, परत आली, कुणाचा तरी चहा उचलून प्यायली. मघाशी तलावावर बगळ्यांचा थवा उठला तेव्हा सगळ्यांनी धडाधड फोटो काढले होते. एकटे उस्ताद मान खाली घालून रुमालाने लेन्स पुसत बसले होते. पुसून झाली की पुन्हा पुसत होते.

"काल रात्री तू सगळ्यांना फोटो दाखवलेस," ती भाचीला म्हणाली. "परत मागून कुठला पाहिला उस्तादांनी?"

"पुलाचा. काल सकाळी पलीकडच्या काठावरून काढलेला. नुसती रहदारी आहे त्यात."

"आणि घरट्याचे फोटो?"

"दुपारी काढले. उस्तादांनी नेलं तेव्हा. अगदी समोर होतं गं, एक पानसुद्धा आड नाही."

"तेच तर. पोरांना उन्हात, घारीच्या नजरेसमोर ठेवेल इतकी खुळी आई असते का कुठली?"

आत्या उस्तादांसमोर खुर्ची ओढून बसली.

"उस्ताद, पहाटेपासून काठावर बसलेल्या माणसाच्या काचेवर वाफ धरत नाही. तुमची खोलीही गरम. या लॉजमध्ये बर्फासारखी खोली आहे ती माझी, आणि पहाटे आम्ही खाली चहाला आलो तेव्हा तुम्ही तिथे कॅमेरा गळ्यात अडकवून खूप वेळ उलथापालथ करत होतात. चष्म्याच्या डबीत कार्ड असेल हे कुणाच्या डोक्यात येणार? जगाला शिकवलंत आणि स्वतःच विसरलात."

"काय वाट्टेल ते. सिद्ध करा."

"कार्ड तुम्ही फेकलेलं नाही. आयुष्यभर फोटो जपलेल्या हाताला ते जमत नाही. तुम्हाला एकच फोटो पुसायचा होता, कार्ड गुपचूप परत ठेवायचं होतं. पण तेवढ्यात आम्ही तलावाकडे निघालो, आणि आमच्या आधी तिथे दिसणं तुम्हाला भाग होतं. नंतर एकटं बसायला मिळालंच नाही. कॅमेरा द्या."

उस्तादांनी पट्टा गळ्यातून काढला. मग त्यांनी कॅमेरा टेबलावर ठेवला. कार्ड त्यातच होतं.

भाचीने पुलाचा फोटो पडद्यावर आणून मोठा केला. वर गाड्यांची गर्दी होती. खाली, कोपऱ्यात, घरट्याच्या झुडपात वाकलेले उस्ताद होते, हातात मोठी कात्री, पायाशी कापलेल्या फांद्यांचा ढीग.

"मी तुम्हाला पूजत होते," ती म्हणाली.

"लहान आहेस अजून," उस्ताद हळूच म्हणाले. "पण एवढं समज. तो घरट्याचा फोटो, ज्याच्यावर मासिक भाळणार आहे, तो त्या कात्रीमुळेच निघालाय. माझं बिंग फुटलं तर तोही जाईल."

माणूस चोर होता, पण हे मात्र खरं बोलत होता. भाचीने कॅमेरा पुन्हा हातात घेतला. मग तिने घरट्याचे सगळे फोटो एकेक करून पुसले. डॉक्टरांच्या तोंडून "अगं" एवढंच निघालं.

"पुलाचा पाठवते," ती म्हणाली. "कोपऱ्यासकट. घेतला तर घेतील."

तिने डोळे पुसले आणि ड्रायव्हरकडे वळली. "दादा, गाडीत दोरी आहे? त्या फांद्या तिथेच पडल्या असतील. ऊन चढायच्या आत घरट्यावर बांधून येऊ."

ड्रायव्हर केव्हाच उठला होता. आत्याने चपला घातल्या, दोघांच्या मागोमाग निघाली आणि जाता जाता भावाला फोन लावला. आज त्याला लेकीबद्दल ऐकावंच लागणार होतं.