छबुबाईच्या शेळ्या कोणी मारल्या?

सुज्ञ वाचकहो, प्रस्तुत कथेत मुक्या जीवांच्या संहाराचे गूढ उकलले जाणार असून, खरा अपराधी आपणही ताडून पाहावा, ही नम्र विनंती.

परळीजवळील वस्तीवर छबुबाईच्या निम्म्या शेळ्या मृत झाल्या. शेजारी सटवाने विष घातल्याची खबर मोबाईल दुरुस्तीवाला विजयसिंह याने ठाण्यात दिली. जमादार सोमेश्वर अटकेच्या तयारीनेच आले व सटवास विचारू लागले.

"धमकी दिलती का?"

"दिलती. माझी तूर खाल्ली त्यांनी. रागात लई बोलतो मी, साहेब. बायकूला रोज धमकी देतो, ती ठणठणीत हाय."

जमादार छबुबाईकडे वळले.

"मावशी, मरताना तोंडाला फेस होता?"

"न्हाई. आदी आंधळ्या झाल्या. भिताडाला डोकं लावून उभ्या राहायच्या. मग चार-सा दिसांनी जायच्या."

"गोठ्यात ही राख कशाची?"

"थर्मलची, वीज कारखान्यातली. पिसवांसाठी टाकते. विजयसिंहानंच पोती आणून दिली, फुकट. शेळ्या चाटत्यात बी."

जमादारांनी राख चिमटीत घेतली. ती खरखरीत होती. तीत बारीक चकाकते मणी होते.

विजयसिंहाच्या दुकानावर फलक होता : 'जुने मोबाईल, टीव्ही, बॅटऱ्या द्या. पर्यावरण वाचवा.' आत काळ्या पडलेल्या तांब्याच्या तारांचे वेटोळे होते.

"या मालाचं काय करता?"

"कंपनीला पाठवतो."

"तारेवरचं प्लास्टिक?"

"चाकूनं सोलतो, साहेब."

जमादारांनी त्यास गोठ्यापाशी आणले व सर्वांसमक्ष खुलासा केला.

"सोललेली तार चकाकते, जाळलेली काळी पडते. फवारणीच्या विषानं शेळी फेस येऊन लगेच मरते. शिशानं आंधळी होऊन हळूहळू मरते. थर्मलची राख पिठासारखी मऊ असते. हिच्यात मोबाईल-टीव्हीतल्या तारा जोडायच्या डागाच्या शिशाचे मणी आहेत. माल कंपनीकडं जातच नव्हता, विजयसिंह. तुम्ही तो तांब्यासाठी जाळत होता आणि राख इथं लपवत होता."

विजयसिंहाने मान खाली घातली. "टाकणार कुठं? विहिरीत टाकली असती तर गाव पेटलं असतं."

"अन् माझं नाव काहून घेतलं रं?" सटवाने विचारले.

"धमकी तूच दिलतीस. लोकांना पटलं असतं."

मग सटवा छबुबाईस म्हणाला, "मावशे, उरलेल्या माझ्याकडं बांध."

"बांधते. पर या गोठ्यातल्या मातीचं काय करू, साहेब?"

जमादारांनी चिमूटभर माती पुडीत बांधून खिशात ठेवली.

वाचकहो, आपण अमूल्य वेळ देऊन ही कथा वाचलीत, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
बंकट आश्रुबा तांदळे