इंजेक्शननंतरची वीस मिनिटं

त्या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली. तो दवाखाना तिथून कधीच हलला, त्या जागी चष्म्यांचं दुकान आलं. पण त्या रस्त्याने जाताना तिची पावलं अजूनही जराशी रेंगाळतात.

तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती. काम केस कापायचं. गिऱ्हाईक खुर्चीत आणि ही मागे उभी, दिवसाचे नऊ-नऊ तास. पोटऱ्यांवर, गुडघ्यांच्या मागे निळ्या-जांभळ्या बारीक शिरांचं जाळं उमटलं होतं. दुखायचं थोडंच, पण मनाला लागायचं फार. पूर्वी तिचं लग्न ठरलं होतं. एकदा तळ्याकाठी पाण्यात पाय सोडून बसलेली असताना त्या मुलाने तिच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आत्ताच हे, तर पुढे काय?" लग्न मोडलं ते भलत्याच कारणाने. पण तिला मात्र तेवढं एकच वाक्य आठवायचं. त्यानंतर भर उन्हाळ्यातसुद्धा तिचे पाय घोट्यापर्यंत झाकलेले असत.

थोरल्या बहिणीने मागे लागून तिला दवाखान्यात पाठवलं. डॉक्टरबाई वयस्क, हाताने हलक्या. शिरा मिटवणाऱ्या औषधाची केसासारखी बारीक सुई एकेका शिरेत जायची, मुंगी चावल्यासारखं व्हायचं, मग किंचित जळजळ. वर मांडीपर्यंत घट्ट मोजे चढवून डॉक्टरबाईंनी सांगितलं की आता वीस मिनिटं चालायचं आणि मगच घरी जायचं. उन्हात मात्र जायचं नाही.

म्हणून ती बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात चालू लागली. समोरून एक उंच माणूस येत होता... तिच्यासारखाच, ताठ पायांनी. वाट द्यायला ती डावीकडे झाली तर तोही तिकडेच. उजवीकडे झाली, तर पुन्हा तेच.

"पुढे चला, पुढे जागा आहे," तो गंभीरपणे म्हणाला.

तिला हसू आवरेना. तो बसचा कंडक्टर निघाला. बारा वर्षं धावत्या बसमध्ये उभं राहून त्याच्याही पायांवर तसलंच जाळं झालं होतं. पण पुरुषमाणसाने असल्या उपचाराला जायचं म्हणजे डेपोत चेष्टाच, म्हणून तिकडे त्याने दाताच्या डॉक्टरकडे जातो असं सांगितलं होतं. आता तोंडात दात किती उरलेत म्हणून सगळे विचारतात, असं तो म्हणाला, आणि वीस मिनिटं कधी संपली ते तिला कळलंच नाही.

पुढच्या महिन्यात तो पुन्हा होता. योगायोग, असं तो म्हणाला. बसची एवढी सवय झालीय की न हलणाऱ्या जमिनीवर तोल जातो, असंही म्हणाला, आणि खरंच एकदा तिच्या बाजूला कलला. तिने त्याला सांगितलं की त्याचे केस कापणारा डाव्या डोळ्याने बघत नसावा. तो कानापर्यंत लाल झाला... आणि तीही, उगाचच.

तिसऱ्या महिन्यात ती नवा कुडता घालून गेली. व्हरांडा मोकळा होता. वीस मिनिटं झाली, तीस झाली. शेवटी तिने नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. त्यांनी वही न उघडताच सांगितलं, त्या साहेबांचा उपचार मागच्याच खेपेला संपला.

तिला स्वतःचाच राग आला. बत्तीस वर्षांच्या बाईने काय काय मनात आणावं! पर्स उचलून ती निघाली तोच जिन्यावर धाडधाड पावलं वाजली. तो धापा टाकत वर आला होता, खाकी गणवेशातच.

"बस बंद पडली," तो म्हणाला. "दोन थांबे पळत आलो."

"पण तुमचे पाय तर बरे झालेत."

"हो... मी चालायला आलो."

दोघं चालू लागली. मग तिने त्याला सगळं सांगितलं. तळ्याकाठचं ते वाक्यही, जे तिने बहिणीलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. सांगताना ती समोर बघत राहिली.

"आणि हे पुन्हा उमटेल," ती शेवटी म्हणाली. "दिवसभर उभं राहायचं काम आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, दुसरीकडे नव्या शिरा दिसतीलच."

त्याने नीट विचार केला. त्याची ती सवय तिला आजवर पुरत आली आहे.

"उमटू देत," तो म्हणाला. "तुम्हाला त्या नकोशा वाटल्या, तर पुन्हा येऊ. नाही वाटल्या, तर नाही येणार."

ती थबकली. "येऊ... म्हणजे कोण?"

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. कानांच्या पाळ्या तेवढ्या लाल होत गेल्या.

"आपण," तो म्हणाला.

टेबलावरच्या बाई आतून कुलूप-किल्ली घेऊन आल्या, दोघांकडे पाहिलं आणि परत आत जाऊन बसल्या. तिची वीस मिनिटं केव्हाच संपून गेली होती. तिने पर्स खांद्यावर नीट घेतली, व्हरांड्याच्या टोकाशी वळली आणि त्याच्या पावलाला पाऊल जुळवून पुन्हा चालू लागली.