तळ्यावरची हजेरी

औशाजवळच्या तळ्याकडं शरणम्मा निघाली, तेव्हा तिच्या डोक्यावरच्या घमेल्यात सरपण, कढई, गूळ आणि गहू-हरभरा भाजून दळलेलं पीठ होतं. मागून म्हातारा भुजंग मुकादम काठी टेकत येत होता. चार दिवस ती त्याच्या दारात ठाण मांडून बसल्यावर कुठं तो उठला होता.

"दहा वर्सं झाली, शरणम्मा. भात्तरच्या दुष्काळातलं कोन ध्यानात ठेवतंय?"

ती झपाझप पुढं चालत राहिली. तोंड उघडलं असतं तर शिव्याच आल्या असत्या.

बहात्तरच्या त्या दुष्काळात याच तळ्याच्या बांधावर तिची धाकटी बहीण गंगम्मा माती टाकायला होती. एका सांजेला ती परतलीच नाही. कुणाचा तरी हात धरून हैदराबादला पळाली, असं बांधावरची हजेरी घेणाऱ्या या मुकादमानं सांगितलं आणि गावानं ते मानलं. आई त्या लाजेनं झुरून मेली. आता लातूर वेगळा जिल्हा झाला, म्हणून शरणम्मा नव्या कचेरीत गंगम्माचा तपास करा असा अर्ज घेऊन गेली. साहेब म्हणाले, जुने कागद उस्मानाबादेत राहिले, साक्षीदार आणा. साक्षीदार हा एकच.

तो खोटं बोलत असता तर तिनं त्याचं नरडं धरलं असतं. पण मेला खरोखरच विसरला होता! तिचा जीव जळत होता तो त्या विसरण्यामुळंच.

तिला स्वतःला सुकडीचा वास आला की गंगम्मा जशीच्या तशी दिसायची. बांधावर दुपारी मजुरांना या पिठाची गुळातली सुकडीच वाटायचे. त्याच वासानं यालाही आठवेल, म्हणून तिनं त्याला इथं आणलं होतं.

यंदाही तळं कोरडंठाक होतं. बांधाच्या पायथ्याशी तिनं चूल पेटवली. पिठात गूळ विरघळला, वास सुटला. वारा पडला. मग, तेव्हा हजेरीला वाजवायचे तसं, तिनं रिकामं घमेलं दगडावर आपटलं. एकदा... दोनदा...

भुजंगची वाकलेली पाठ ताठ झाली. तरण्याताठ्या, खणखणीत आवाजात तो हजेरी घेऊ लागला.

"शांतम्मा... साखराबाई..."

या दोघी गावात सुखरूप होत्या. इथं कुणी ओ दिली नाही.

"गंगम्मा..."

"हाजर."

आवाज बांधाच्या आतून आला. तोंडात माती भरल्यासारखा.

शरणम्मानं रागानं भुजंगचा दंड धरला. "कुठं हाय ती? बोल, मुकादम!"

"हितंच..." भुजंगनं काठी बांधाला टेकवली. "ढिगारा घसरला... हात हलत हुता तिचा. सकाळी बांध तपासाया साहेब येनार हुते. म्या म्हनलं, टाका माती..." तो लहान लेकरासारखा रडू लागला. "आजपत्तुर खरंच आठवलं न्हाई गं..."

"आता आठवलं न्हवं? ऊठ. कचेरीत समद्यांम्होरं सांग."

"सांगतो," म्हणून तो उठला. पण त्याचं तोंड मिटेना. दोन्ही हातांनी त्यानं जबडा दाबून धरला, तरी हजेरी बाहेर येतच राहिली.

"केवळाबाई..."

"हाजर."

"सिंधू..."

"हाजर..." हा आवाज लहान पोरीचा होता.

शरणम्मा बांधापासून मागं सरली. या दोघी हरवल्याचं गावात आजवर कुणीच बोललं नव्हतं. कढईत सुकडी करपू लागली, आणि मुकादमानं पुढचं नाव घेतलं.