खाली पंपाजवळून वर

पडद्यावर शब्द उमटले.

‘आउट फ्रॉम अंडर द बेल्ट.’

मैनाने ते दोनदा वाचले. “आबाजी, बेल्ट म्हणजे कोळसा वाहून नेणारा पट्टा, एवढं कळलं. पण आउट म्हणजे बाहेर, फ्रॉम म्हणजे पासून आणि अंडर म्हणजे खाली. बाहेर पासून खाली पट्टा? तुमचा खेकडा पट्ट्याखाली शिरला, का बाहेर पडला?”

“बाहेर पडला,” सोनटक्के आबाजी हळूच म्हणाले. “म्हणजे, मला तरी तसं वाटतं.”

खेकडा म्हणजे आबाजींनी बांधलेला सहा पायांचा यंत्रमानव. तो पिंपळधरा खाणीत जमिनीखाली दोनशे मीटरवर होता. खाण बावीस वर्षे बंद होती. आता तिथे पाण्याची बॅटरी होणार होती. दिवसा सूर्याच्या विजेवर पाणी वर चढवायचे आणि अंधार पडला की खाली सोडून वीज करायची. त्यासाठी आतल्या पाण्याचा उपसा आज सकाळी थांबवला होता आणि पाणी चढू लागले होते. सगळं बुडण्याआधी भिंतींच्या भेगा पाहून घ्यायला म्हणून आबाजींनी दुपारचे दोन तास मागून घेतले होते. ते तिथले जुने भूवैज्ञानिक (जमिनीखालच्या खडकांचा अभ्यास करणारे), म्हणून मिळाले.

खाणीच्या तोंडाशी असलेल्या त्या पत्र्याच्या खोलीत एक लाकडी फळी होती. खाली जाणाऱ्याने आपल्या नंबरचा पितळी बिल्ला तिच्यावर टांगायचा, वर आला की स्वतःच्या हाताने काढून घ्यायचा. फळीवर बिल्ला आहे म्हणजे माणूस खाली आहे. आज तिथे खेकड्याचा नवा बिल्ला होता. त्याच्या शेजारी एक काळा पडलेला बिल्ला होता, सत्तेचाळीस नंबरचा. तो बावीस वर्षे कुणी काढलेला नव्हता.

तो मैनाच्या आजोबांचा होता. भिवा तोडासे यांचा.

“खेकडा इंग्रजीत काऊन बोलतो जी? कोणत्या शाळेत होता?” मैनाने विचारले.

आबाजी ओशाळले. “त्याचं बोलण्याचं यंत्र परदेशी खाणीतलं, जुनं आहे. नवं मला जमलं नाही. आणि खडकातून साधी रेडिओलहर पार होत नाही. फार सावकाश कंप पावणारी लहर तेवढी पोचते, पण तिच्यावर मिनिटाला दहाच शब्द मावतात. म्हणून तो मोठी वाक्यं टाकून देतो आणि हे छोटे शब्द एकापुढे एक ठेवतो.”

“पण ते वाचायचे कसे?”

आबाजींनी चष्मा पुसला. “मला नीट शिकवता येत नाही. तूच सांग. मांजर बाजेखाली बसलं होतं, ते निघालं. काय म्हणशील?”

“मांजर बाजेखालून बाहेर आलं.”

“आता ते तोड. आधी बाज. मग खाली, ही जागा. त्याला ‘ऊन’ जोडलं, ‘खालून’ झालं, म्हणजे तिथून निघालं, ही वाट. मग बाहेर, हा रोख. बाज, खाली, ऊन, बाहेर. आता पडद्यावरचं उजवीकडून वाच.”

मैना बोट ठेवत गेली. “बेल्ट... अंडर, खाली... फ्रॉम, ऊन... आउट, बाहेर.” ती थबकली. “पट्ट्याखालून बाहेर! आबाजी, हे तर आरशात धरल्यासारखं आहे.”

“आपण वस्तूपासून निघतो आणि रोखापर्यंत जातो. इंग्रजी बोलणारा रोख आधी सांगतो आणि वस्तूपाशी येऊन थांबतो. वस्तूच्या जवळचा शब्द जागा दाखवतो, त्याच्या पुढचा वाट, सगळ्यात लांबचा रोख. नेहमीच असं होत नाही, पण पुष्कळदा होतं. अंडर हा शब्द बेल्टला धरून आहे. आपल्याकडे अशा शब्दाला शब्दयोगी अव्यय म्हणतात (नामाला जोडून येणारा, न बदलणारा शब्द). आउट मोकळा आहे, त्याला नाम लागत नाही. ते क्रियाविशेषण (क्रिया कशी, कुठे, केव्हा झाली ते सांगणारा शब्द).”

“पण सर तर वर्गात म्हणतात, ‘कम अंडर’, ‘गो अंडर’...”

“बरोबर आहे त्यांचं. तोच शब्द कधी धरून असतो, कधी मोकळा. आपलं ‘खाली’ नाही का तसं? झाडाखाली म्हटलं की धरून. खाली बस म्हटलं की मोकळं.”

मैना खाली बसली आणि हसली. आबाजी हसले नाहीत. पडद्यावर नवे शब्द येत होते.

‘फुटप्रिंट्स. टू मेन. वन ड्रॅग्ड. अप फ्रॉम डाउन बाय द पंप.’

मैना पडद्याकडे सरकली. “पावलं! दोन माणसं, एकाला ओढत नेलेलं. पंप... बाय, जवळ... डाउन, खाली... फ्रॉम, ऊन... अप, वर. खाली पंपाजवळून वर.” तिने मान वळवली. “आबाजी, बावीस वर्षांनी पावलं कशी राहतील?”

“खाणीत चुनखडीची पांढरी भुकटी पसरतात, कोळशाची धूळ पेटू नये म्हणून. तिच्यावर ओल बसली की ती घट्ट होते. पाणी जिथवर चढलं नाही तिथे...”  ते स्टुलावर टेकले. “मैना, मी तुला एक सांगितलेलं नाही. कुणालाच सांगितलेलं नाही.”

बाहेर कुणीतरी दोरखंड ओढत होते. आबाजींनी खिडकी लोटून घेतली.

“तो रविवार होता. आत दोघंच होते, तुझे आजोबा आणि पंपावरचा चिंतामण. पाणी फुटलं. भिवाने पंपाजवळून फोन केला, कोणत्या वाटेने येऊ म्हणून. नकाशा माझ्यासमोर होता. मी म्हटलं, पंपामागच्या वाटेने ये, बाहेर निघायच्या जुन्या दाराशी. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. मी उचलला. नुसता पाण्याचा आवाज होता. मग तोही बंद झाला. मी माणसं दाराकडे पळवली. चिंतामण दाराच्या आत बेशुद्ध सापडला. त्याला पुढे काहीच आठवलं नाही. भिवा नव्हता. तो कधीच सापडला नाही.”

मैनाने फळीवरच्या काळ्या बिल्ल्याकडे पाहिले. गावात काय म्हणतात ते तिला पाठ होते. भिवा चिंतामणला टाकून पळाला आणि भलत्याच वाटेला लागला. शाळेत भांडण झाले की पोरं तिला ‘पळपुट्याची नात’ म्हणत.

“मी चुकीची वाट सांगितली, असं मला बावीस वर्षं वाटतंय,” आबाजी म्हणाले. “भेगांचं निमित्त होतं. हेच पाहायचं होतं. आज संध्याकाळी सगळं पाण्याखाली जाईल.”

‘ऑन अप टू द डोअर,’ पडदा म्हणाला.

“दारापर्यंत, वर, पुढे,” मैना कुजबुजली. “दोघं दारापर्यंत पोचले, आबाजी. आजोबांनी चिंतामणकाकांना ओढत आणलं. पळाले नाहीत ते!”

मग बराच वेळ काही नाही. मग आले:

‘वन मॅन. बॅक डाउन फ्रॉम द डोअर.’

तिने उजवीकडून वाचले. दारापासून, खाली, परत. पुन्हा वाचले. शब्द तेच राहिले.

“परत खाली का गेले? दाराशी पोचले होते ना?”

आबाजींनी मापाकडे बोट दाखवले. पाणी मोजणारा काटा धोक्याच्या लाल रेघेजवळ आला होता. “खेकड्याला खाली पंपापाशी पाठवलं तर तो बहुधा परत येणार नाही. पाठवू?”

“तुम्ही बांधलाय.”

“विचारतोय मी तुला.”

“पाठवा.”

चार मिनिटे गेली. पाच. मैना बोटांच्या पेरांवर मोजत राहिली.

‘पंप. वॉटर. फोन डाउन ऑफ द हुक.’

या वेळी तिला बोट ठेवावे लागले नाही. “हुकावरून खाली. फोन हुकावरून खाली लोंबतोय.” ती आबाजींकडे वळली. “ते फोन करायला परत गेले होते! तुम्हाला! दुसरा फोन तोच.”

आबाजींनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. “रविवारी त्या दाराला बाहेरून अडणा, म्हणजे आडवा दांडा, लावलेला असायचा,” ते सावकाश म्हणाले. “आतून उघडत नसे. वाट बरोबर होती, पोरी. दार मी विसरलो.”

मैनाला राग आला. तो कुणाचा करावा ते तिला कळेना. समोरचा म्हातारा इतका लहान दिसत होता.

“पण फोन तुम्ही उचलला जी,” ती शेवटी म्हणाली. “आणि माणसं दाराकडेच पाठवली. म्हणून चिंतामणकाका वाचले. आजोबांना बोलता आलं नाही, तरी त्यांचं काम झालं.”

आबाजींनी मान हलवली. ती हो होती की नाही, ते समजण्यासारखे नव्हते.

काटा लाल रेघेवर गेला. मैनाने कळफलक ओढून घेतला. तिला म्हणायचे होते, तिथून बाहेर वर परत. तिने ते मनात उलटे फिरवले आणि एकेक अक्षर दाबले.

‘बॅक अप आउट ऑफ देअर.’

“आउट ऑफ कुठून सुचलं?” आबाजींनी विचारले.

“‘आउट ऑफ द बॉक्स’ असतं ना पुस्तकात. म्हटलं, इथेही बसेल. बसतं ना?”

“बसतं. माझ्याहून बरं लिहिलंस.”

पाऊण तास पडद्यावर काहीच आले नाही. मग खाणीच्या तोंडाशी काहीतरी खरडल्याचा आवाज झाला. खेकडा पाच पायांवर लंगडत उजेडात आला. सहावा पाय खालीच राहिला होता. मैनाने त्याचा बिल्ला काढून त्याच्या पाठीवर ठेवला. त्याला हात नव्हते, म्हणून एवढी सूट.

मग ती फळीसमोर उभी राहिली.

“जो वर येतो त्यानंच काढायचा असतो,” ती म्हणाली.

“हो. तसा नियम आहे.” आबाजी तिच्या मागे येऊन उभे राहिले. “पण वर काय आलं म्हणजे माणूस आला म्हणायचं, हे कुठे लिहिलेलं नाही. आज त्याची खरी गोष्ट वर आली.”

मैनाने काळा बिल्ला काढला. खिळ्याभोवतीचे लाकूड तेवढेच गोल, नवे आणि पिवळे होते.

“घरी मी सांगू?” आबाजींनी विचारले. “दाराचंसुद्धा. मला भीती वाटते, पण मीच सांगायला हवं.”

“मी येते संगं.”

खाली पाणी दाराकडे चढत होते. पावलं पुसली जात असणार. पण त्यांची वाट आता या दोघांना पाठ होती, आणि रात्री घरी पोचल्यावर तिथल्यांनाही होणार होती. पुढच्या वर्षी याच पाण्यावर गावात दिवे लागतील.

मैनाने खेकड्याला उचलून घेतले. तो जड होता.

“याचा पाय बसवताना मला बोलवा,” ती म्हणाली. “आणि याला आपलं बोलणं शिकवू. नाहीतर खाली एखादा आपला माणूस असला, तर याच्याशी बोलणार कसा?”